बाबांचा डी-डायमर ६४० आला. रक्त गोठण्याचे हे मार्कर नेमकं सांगतात तरी काय?

त्रिमूर्तीनगरकर
नमस्कार मंडळी. माझे बाबा ६८ वर्षांचे, तब्येत ठणठणीत, सकाळी अंबाझरीला फेरी ठरलेली. मागच्या आठवड्यात ताईने हौसेने त्यांचं फुल बॉडी पॅकेज बुक केलं, घरी येऊन रक्त घेऊन गेले आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट हजर. शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल सगळं बरं, फक्त डी-डायमर ६४०, पुढे लाल अक्षरात वरचा बाण, ५०० च्या आत पाहिजे म्हणे. तेव्हापासून घरात नुसता गोंधळ आहे. पायात गुठळी असेल तर चालल्याने ती फुप्फुसात जाते असं कोणीतरी सांगितलं म्हणून बाबांनी फिरणं बंद केलं, शेजारच्या काकांनी स्वतःच्या डब्यातली रक्त पातळ करायची गोळी काढून दिली. पायाला सूज नाही, दम नाही, छातीत दुखत नाही.

मी रात्रभर वाचत बसलो. फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ, व्हॉन विलब्रँड फॅक्टर, रक्त गोठवणाऱ्या या सगळ्या घटकांबद्दल एकच वाक्य की हे वाढलेलं असणं हृदयविकाराशी संबंधित, कॅन्सरशी संबंधित, पक्षाघाताशी संबंधित. संबंधित म्हणजे काय ते कोणी नीट सांगत नाही. वाढलं म्हणून आजार होतो, की आजार आहे म्हणून वाढतं, की दोन्ही नाही? आणि असं असेल तर धडधाकट माणसाच्या पॅकेजमध्ये ही टेस्ट टाकतात काहून?

सावजी_प्रेमी
भाऊ, पयले ते काकाची गोळी बंद कर. बाकी मंग वाचतो.

त्रिमूर्तीनगरकर
दिलीच नाही हो, आईने डबा लपवून ठेवला.

निळं_झाकण
मी लॅबमध्ये कोअ‍ॅग्युलेशनच्या टेबलावर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांवर, काम करते म्हणून जेवढं रोज हातातून जातं तेवढं सांगते. रक्त गोठताना शेवटी फायब्रिनचे धागे तयार होतात, फॅक्टर तेरा ते धागे एकमेकांना पक्के जोडतो, आणि नंतर प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम ते कापतं. कापल्यावर जे जोडलेले तुकडे उरतात त्यातला एक डी-डायमर. म्हणजे कुठेतरी धागे झाले आणि विरघळले एवढंच तो सांगतो. चुलीत राख सापडली तर काहीतरी जळलं हे कळतं, भाकरी भाजली की घराला आग लागली होती ते राख सांगत नाही. ऑपरेशन झालं, न्यूमोनिया झाला, गरोदरपण आहे, पडून मुका मार लागला, कॅन्सर आहे, किंवा नुसतं वय झालं, सगळ्यात वाढतो.

म्हणून या टेस्टचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. कोणाचा पाय सुजलाय, डॉक्टरांना गुठळीची थोडीशीच शंका आहे, आणि डी-डायमर ५०० च्या आत आला, तर गुठळी नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. वाढलेला आला तर पुढे सोनोग्राफी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. ज्याला कसलाच त्रास नाही त्याची ही टेस्ट केली तर मुळात प्रश्नच विचारलेला नसतो, मग उत्तराचं करायचं काय?

तात्या_इतवारी
लसणाच्या दोन पाकळ्या सकाळी अनशापोटी. आमच्या आजोबांनी आयुष्यभर खाल्ल्या, ९१ पर्यंत खणखणीत. डायमर गियमर काही माहीत नव्हतं बाप्पा.

वर्धारोड
निळं_झाकण यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात काय चालू होतं ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय, बेडसाठी माणसं गाडीत बसून रात्र काढत होती. माझ्या मोठ्या भावाचा डी-डायमर ३००० च्या वर गेला म्हणून डॉक्टरांनी पोटात हेपरिनची, म्हणजे रक्त पातळ करायची, इंजेक्शनं सुरू केली आणि तो वाचला. त्या आकड्याने माझा भाऊ परत दिला, त्यामुळे राख वगैरे म्हणून टेस्ट मोडीत काढू नका.

धंतोली_फिजिशियन
वर्धारोड, भाऊ बरे झाले हे सगळ्यात महत्त्वाचं. टेस्ट मोडीत कोणी काढत नाहीये. कोविडमध्ये फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत खरोखर गुठळ्या होत होत्या आणि डी-डायमर चढत गेला की पेशंट बिघडतोय हे कळायचं, मी स्वतः त्या काळात रोज बघत होतो. पण आकडा बघून औषध ठरवायचं का, यावर २०२१ मध्येच मोठ्या चाचण्या झाल्या. वॉर्डात अ‍ॅडमिट पण आयसीयूत नसलेल्या मध्यम आजारी पेशंटना हेपरिनचा पूर्ण डोस उपयोगी पडला, आणि गंमत म्हणजे तो फायदा सुरुवातीचा डी-डायमर कितीही असला तरी दिसला. आयसीयूतल्या अतिगंभीर पेशंटमध्ये तोच पूर्ण डोस कामाला आला नाही, आणि त्यांचेच डी-डायमर सगळ्यात चढलेले असायचे. घरी असलेल्या सौम्य कोविडवाल्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तिथेही फायदा निघाला नाही. म्हणजे आजार किती चढलाय हे मार्करने सांगितलं, पण औषध कोणाला लागू पडेल ते सांगितलं नाही.

मूळ धागाकर्त्याला: पन्नाशीनंतर डी-डायमरची मर्यादा वयाप्रमाणे सरकवतात, वय गुणिले दहा. ६८ ला ६८०. २०१४ साली फुप्फुसातल्या गुठळीच्या संशयितांवर हे तपासलं गेलं आणि सुरक्षित निघालं. हा नियम संशयित पेशंटसाठी आहे, निरोगी माणसाच्या चाळणीसाठी नाही, पण निदान एवढं लक्षात घ्या की तुमच्या बाबांना गुठळीचा संशय असता तरी ६४० ला मी नॉर्मलच म्हटलं असतं. लॅबच्या छापील रेंजमध्ये २५ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांचे आजोबा एकाच ओळीत बसवलेले असतात. बाबांना उद्यापासून फिरायला पाठवा, आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा पाय आणि छाती तपासू द्या.

सावजी_प्रेमी
+१ डॉक्टर. आकड्यापेक्षा पेशंट पाहा.

वर्धारोड
डॉक्टर, तुमचं वाचलं. तरी माझं म्हणणं आहे की ज्या घराने तो काळ काढलाय त्याला हा आकडा दिसला की पोटात गोळा येतोच. आमच्याकडे अजूनही सर्दी झाली की वहिनी डी-डायमर करू का विचारते.

अभ्यासू_किडा
धागाकर्त्याचा कारण की खूण हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर एक खरी गोष्ट आहे. १९५३ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला जॉन हेगमन नावाचा रेल्वेत काम करणारा माणूस पोटाच्या अल्सरच्या ऑपरेशनसाठी आला. ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर काचेच्या नळीत ते गोठेचना. सगळे हादरले, पण माणसाला विचारलं तर दात काढला तेव्हा नाही, जखम झाली तेव्हा नाही, कधीच जास्त रक्त गेलेलं नव्हतं. डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी छडा लावला, त्याच्या रक्तात एक घटक मुळातच नव्हता, त्यालाच आज फॅक्टर बारा किंवा हेगमन फॅक्टर म्हणतात. नळीत रक्त गोठवायला तो लागतो, शरीरात रक्तस्राव थांबवायला लागत नाही. व्हेल आणि डॉल्फिन यांच्यात तर तो नसतोच आणि त्यांचं छान चाललंय.

पुढचं ऐका. हेगमन १९६८ मध्ये पडला, कमरेचं हाड मोडलं, आणि फुप्फुसात गुठळी जाऊन वारला. ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं तो माणूस गुठळीने गेला. तेव्हा एकट्या टेस्टवरून माणसाचं भविष्य सांगू नये.

उलट बाजूही सांगतो. एपीटीटी ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी टेस्ट हेगमनमध्येही लांबते आणि हिमोफिलियातही, म्हणजे गोठण्याचा फॅक्टर जन्मतः कमी असलेल्या आजारातही लांबते. एकात काही होत नाही, दुसऱ्यात गुडघ्यात रक्त साचून पोरगं अपंग होतं. म्हणून आकडा लांबला की कुठला फॅक्टर कमी आहे ते शोधावंच लागतं.

भंडाऱ्याची_आई
पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, फॅक्टर आठ एक टक्क्याहून कमी. आमच्यासाठी हा मार्करबिर्कर नाही, तो फॅक्टर म्हणजेच आजार आहे. रांगायला लागला तेव्हा गुडघे निळे व्हायचे, लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायचे. फॅक्टर आठ शिरेतून दिला की बारा तासांत निम्मा संपतो म्हणून आठवड्यातून पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागते. आता एमिसिझुमॅब आलंय, ते कातडीखाली देतात आणि कित्येक आठवडे अंगात राहतं, ते नऊ नंबरच्या आणि दहा नंबरच्या फॅक्टरला धरून जवळ आणतं, म्हणजे आठचं काम दुसऱ्याकडून करून घेतं असं आम्हाला डॉक्टरांनी समजावलं. सगळ्यांना मिळत नाही हे दुःख आहे. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये पाच जणांवर जीन थेरपी झाली आणि त्यांचे रक्तस्राव थांबले हे २०२४ च्या डिसेंबरात वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात रडले. संशोधन म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना विचारा.

शुभदा_व
ताई, तुमच्या मुलाला खूप खूप शुभेच्छा. लिहीत राहा इथे.

मुलींबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. माझ्या भाचीला पाळी सुरू झाल्यापासून आठ आठ दिवस जातं, रात्री उठून कपडे बदलावे लागतात, हिमोग्लोबिन ७ वर आलेलं. एका ठिकाणी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्याच दिल्या, वय वाढलं की नीट होईल म्हणाले. हिरड्यांतून रक्त येतं, खरचटलं की काळानिळा डाग पडतो, हे कोणी विचारलंच नाही. व्हॉन विलब्रँड आजाराबद्दल, म्हणजे त्याच नावाचा फॅक्टर कमी असण्याबद्दल, मी वाचलं तर १९२६ साली फिनलंडजवळच्या बेटांवरच्या ज्या कुटुंबावरून तो ओळखला गेला, त्यातली एक मुलगी तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. शंभर वर्षं होत आली आणि आपल्या पोरींना अजून लोहाच्या गोळ्या! आता नवीन डॉक्टरांनी व्हॉन विलब्रँड आणि फॅक्टर आठ दोन्ही लिहून दिलंय. डी-डायमर कोणालाही पॅकेजमध्ये मिळतो आणि जिला खरंच गरज आहे तिची टेस्ट कोणी करत नाही, याचा मला संताप येतो.

निळं_झाकण
शुभदाताई, तुमच्या संतापाला माझी साथ.

रक्तदाता_बी
एक शंका. ओ ब्लड ग्रुपवाल्यांना गुठळ्या कमी होतात हे खरं का? आमच्या ऑफिसात ओवाले फार मिरवून राहिले.

अभ्यासू_किडा
खरं आहे. ओ गटात व्हॉन विलब्रँड फॅक्टर साधारण पाव हिश्श्याने कमी असतो. १९८७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात या फॅक्टरची सरासरी ओ ला ७५ टक्क्यांच्या आसपास, ए ला १०६, बी ला ११७ आणि एबी ला १२३ निघाली होती. आपल्याकडे बी गट भरपूर, म्हणून घाबरायचं नाही, शिरेतल्या गुठळीची शक्यता ओ सोडून बाकीच्यांत थोडी जास्त एवढंच. मुळात शक्यता कमीच असते.

सावजी_प्रेमी
म्हणजे ओवाल्यांचं मिरवणं वाजवी आहे. आणि रश्श्याची तर्री सगळ्या ग्रुपला सारखी.

सिकलसेल_सोबती
नागपूरच्या धाग्यावर सिकलसेल आला नाही असं कसं होईल. यात लाल पेशी वाकड्या होतात. माझ्या बायकोला एसएस आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला. १९५८ साली नागपूरच्याच डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकींनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये लिहिलं, म्हणजे आपल्या शहराचं या आजाराशी नातं जुनं आहे. राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, आता गावोगाव तपासणी होतेय, पण दुखणं कसं असतं ते घरात बघितल्याशिवाय कळत नाही.

मार्करबद्दल आमचा अनुभव. बायकोचा डी-डायमर कायम वाढलेला. दुखत नसतानाही वाढलेला. सिकलसेलमध्ये लाल पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असा भाग उघडा पडतो की त्याच्यावर गोठण्याची क्रिया सुरू होते, म्हणून हे सतत चालूच असतं. एका ठिकाणी नवीन डॉक्टर आकडा बघून घाबरले आणि रात्री बारा वाजता सीटी स्कॅनला पाठवलं, जुन्या फाइली नेल्या नसत्या तर काय केलं असतं देव जाणे. आणि ईएसआर, म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ती टेस्ट, उलटा, तो सिकलसेलमध्ये कमीच येतो कारण वाकड्या पेशींच्या चवडी लागत नाहीत, त्यामुळे ईएसआर नॉर्मल म्हणून इन्फेक्शन नाही असं समजू नका. हे प्रत्येक सिकलसेलवाल्या घराने पाठ करून ठेवावं.

अभ्यासू_किडा
@सिकलसेल_सोबती, फार मोलाचं लिहिलंत. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं थेट उत्तर तुमच्याच आजारात आहे. सिकलसेलमध्ये प्लेटलेट सतत चेतलेल्या असतात हे मार्करवरून दिसत होतं. तर्क सरळ, प्लेटलेट शांत करा म्हणजे दुखण्याचे झटके कमी होतील. प्रासुग्रेल नावाचं औषध मुलांना देऊन पाहिलं, २०१६ मध्ये निकाल छापून आला, झटके म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत. मग टिकाग्रेलॉर, तेही मुलांमध्ये, तेही अपयशी. मार्कर खरा होता, पण तो झटक्याचं कारण नव्हता, किंवा एकटा तरी नव्हता. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचं काम वेगळ्या वाटेने होतं, ते गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतो आणि पेशी वाकडी होणंच कमी होतं.

हृदयविकारात फायब्रिनोजेनचं तसंच झालं. फायब्रिनोजेन जास्त त्यांना हार्ट अटॅक जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलं. मग संशोधकांनी जन्मतःच जनुकांमुळे फायब्रिनोजेन जास्त असलेले लोक शोधले. तेच कारण असतं तर या लोकांना आयुष्यभर जास्त अटॅक यायला हवे होते. तसं काही ठळक दिसलं नाही. म्हणजे शरीरात सूज, सिगारेट, लठ्ठपणा काहीतरी चालू असतं, त्याने फायब्रिनोजेनही वाढतं आणि हृदयही बिघडतं. तुमच्या त्या 'संबंधित'चा अर्थ बऱ्याचदा एवढाच.

वर्धारोड
मग फॅक्टर पाच लायडन काय? ते तर जनुकातच असतं ना, आणि गुठळ्या होतात.

धंतोली_फिजिशियन
बरोबर, ते कारणच आहे. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडलं म्हणून ते नाव. फॅक्टर पाच आवरायचं काम प्रोटीन सी करतं, या लोकांत ते आवरणं नीट होत नाही. युरोपात बरंच आढळतं, आपल्या लोकांत फार कमी. तरी आपल्याकडे गुठळी झाली की महागडं पॅनल सगळ्यांना सरसकट लिहून देतात, आणि तेही गुठळी ताजी असताना आणि औषधं चालू असताना, तेव्हा प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन यांचे आकडे तसेही खाली आलेले असू शकतात. पोराला आयुष्यभराचं लेबल चिकटतं. मी थांबायला सांगतो, लोक नाराज होतात.

लक्ष्मीनगर_आजी
माझ्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायची आयएनआर टेस्ट दर महिन्याला. हिरव्या भाज्या पूर्ण बंद करा असं सगळे सांगतात. हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत नाही खायचं तर काय खायचं?

धंतोली_फिजिशियन
आजी, बंद करू नका. तुमची गोळी व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते आणि दोन, सात, नऊ, दहा हे चार फॅक्टर त्याच्यावर अवलंबून आहेत. भाजीचं प्रमाण आठवड्याला साधारण सारखं ठेवा, एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं नको. नवीन कुठलीही गोळी, अँटिबायोटिक किंवा काढा सुरू केला तर आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा.

त्रिमूर्तीनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पिंढऱ्या दाबून बघितल्या, छाती ऐकली, काही नाही म्हणाले, पुढे टेस्ट करू नका म्हणाले. पण बाबांना चैन पडेना म्हणून त्यांनी परस्पर बर्डीवरच्या दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा केली. आली ३१०! मधल्या काळात तात्यांचा प्रतिसाद मी वाचून दाखवला होता आणि बाबांनी लसूण सुरू केला होता. आता ते कॉलनीत सगळ्यांना लसूण खायला सांगून राहिले. खरंच लसणाने निम्मा झाला का?

तात्या_इतवारी
पाहा! म्हणलं होतं ना!

निळं_झाकण
तात्या, थांबा जरा. दादा, दोन्ही रिपोर्टवर आकड्याच्या पुढे काय छापलंय ते बघा, आणि दुसऱ्या रिपोर्टची नॉर्मल रेंज पण सांगा.

त्रिमूर्तीनगरकर
पहिल्यावर एफईयू. दुसऱ्यावर डीडीयू. रेंज २५० च्या आत लिहिलीय, म्हणजे इथेही लाल बाण आहेच, बाबांनी फक्त आकडा पाहिला.

निळं_झाकण
दोन वेगवेगळी एककं आहेत. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. ३१० डीडीयू म्हणजे जवळपास ६२० एफईयू. बाबांचा डी-डायमर जिथे होता तिथेच आहे, आणि वयाप्रमाणे बघितलं तर दोन्ही वेळा ठीकच. कोविडमध्ये याच एककांवरून किती घरांत रडारड झाली ते मी पाहिलंय, एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावून लोक म्हणायचे दुप्पट झाला.

तात्या_इतवारी
तरी लसूण वाईट नाही.

धंतोली_फिजिशियन
भाजीत वाईट नाही. पण लक्ष्मीनगरच्या आजींनी मात्र लसणाच्या कॅप्सूल किंवा काढे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांच्या गोळीसोबत रक्तस्राव वाढू शकतो.

शुभदा_व
निळं_झाकण ताई, भाचीची व्हॉन विलब्रँडची टेस्ट सोमवारी आहे. घरी सँपल घ्यायला येतो म्हणताहेत. चालेल का? बाहेर ४४ डिग्री आहे.

निळं_झाकण
या टेस्टला घरून सँपल नको, तिला लॅबमध्येच घेऊन जा. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, एका भागाला नऊ भाग रक्त, खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, अर्धवट भरली तर एपीटीटी खोटा लांबतो. डिक्कीत तापलेली नळी नको आणि बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवलेली तर अजिबात नको, गार रक्तात व्हॉन विलब्रँड आणि फॅक्टर आठ खाली येतात आणि नसलेला आजार दिसतो. उलट पोरगी घाबरली, रडली, जिने चढून धापा टाकत आली किंवा ताप असेल तर हेच आकडे वर जातात आणि असलेला आजार लपतो. म्हणून अर्धा तास आधी जा, तिला शांत बसवा. ताप असेल तर तारीख बदला. पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका पण फॉर्मवर लिहा, ब्लड ग्रुपही लिहा. आणि पहिली टेस्ट नॉर्मल आली तरी त्रास एवढा असेल तर डॉक्टरांना पुन्हा करायला सांगा, या आजारात एका वेळेवर सोडत नाहीत.

शुभदा_व
तिचा ओ पॉझिटिव्ह आहे. लिहून ठेवते. सोमवारी रिपोर्ट आला की इथेच टाकते.